आधी खूण, मग नोंद

रौशनने सकाळपासून चौथ्यांदा पुराच्या भोंग्याचा प्रोग्रॅम चालवला आणि मेला बंद पडतच नव्हता! इथे पडायला हवा तर ढिम्म. दरीत मात्र भर दुपारी बरोब्बर बंद पडला. वरचं हिमतळं फुटलं, चिखलाचा लोंढा आला, भोंगा वाजलाच नाही आणि पुलाजवळच्या चहाच्या तंबूतली दोन माणसं गेली. आता खटला पहारेकरी तोलेगेन-आगावर. झोपायचं म्हणून यानेच यंत्रणा बंद केली म्हणे! पुरावा काय, तर नोंदीत छापलेलं ‘हाताने बंद’.

ते शब्द रौशनचे होते, प्रोग्रॅमही तिनेच लिहिलेला. तो कशानेही बंद पडला तरी तेवढंच उमटायचं. वेगवेगळी कारणं लिहायचा तिने तेव्हा कंटाळा केला होता.

दोष तिला सापडला होता, तोही नऊ दिवस डोकं फोडून. प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकाच वेळी चालायची. पहिलं पाण्याची नोंद भरून ‘तयार’ अशी खूण करायचं, दुसरं खूण दिसली की नोंद उचलायचं. वसंतात तिने वेग वाढवायला कंपायलरला, म्हणजे तिचं लिखाण यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, मोकळीक दिली आणि त्या शहाण्याने क्रमच फिरवला. आधी खूण, मग नोंद! दुसऱ्याच्या हाती अर्धवट नोंद लागली की सगळं कोसळणार, पण तेही लाखात एखाद्या वेळी. बरं, बघायला म्हणून मध्ये एक ओळ छापायला सांगितली की क्रम पुन्हा सरळ. दरीतलं यंत्र तर चिखलाखाली गाडलेलं.

“बंद पाडून दाखवा,” चौकशी समितीचे अध्यक्ष साबितोव म्हणाले.

चार तास चालवलं. पाण्याचे खोटे आकडे भरले आणि मेला भोंगा दर वेळी वाजला.

“साहेब, यंत्राला मिळालेल्या या आज्ञा बघा. क्रम उलटा आहे. चूक माझी आहे, लिहून देते मी!”

“उलटा असून चालतंय ना, बाई? मग झालं तर.”

बाहेर बाकावर तोलेगेन-आगा बसला होता. त्याने रुमालातले बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, पुढे केले. “खा गं पोरी. तोंड बघ केवढंसं झालंय.”

“आगा, मी वर अर्ज करते. तुम्ही कशावर सही करू नका.”

“बायको म्हणते, कबूल कर, शिक्षा कमी होईल.” त्याने रुमालाची गाठ मारली. “एक विचारू? मीच दाबलं असेल का गं ते बंद करायचं बटण?”

“आगा! काहीतरीच काय!”

“सगळे तेच म्हणतात. परवापर्यंत मला पक्कं आठवत होतं, मी हात लावला नव्हता. काल मात्र माझा हात दिसला मला. बटणावर. अंगठीसकट.”

रौशनला रडू फुटलं. तिने त्याचा हात घट्ट धरला, पण तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं. तो उठला, टोपी नीट केली आणि आत जाऊन सही करून आला.