ओल्या रस्त्यावरचा मी, कोरड्या रस्त्यावरचा तो

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना मधूनमधून डोळे पुसायचे असतात, असा काहीतरी रिवाज पडला आहे. मला डोळे नाहीत, आणि असते तरी मी ते पुसले नसते.

काळ्या रबराचा गरम लगदा आणि पोलादी तारांची जाळी एका साच्यात दाबून मला घडवले. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगावर खोल खाचा उमटल्या होत्या, मधोमध सुरू होऊन दोन्ही कडांकडे तिरक्या गेलेल्या. रस्त्यावरचे पाणी मधून उचलायचे आणि बाजूला भिरकावून द्यायचे, हे त्या खाचांचे काम. माझ्या कुशीवर एक बाणही होता. मी कोणत्या दिशेने फिरायचे ते तो बाण सांगतो. माणसांना आपण कुठे चाललो आहोत हे कित्येकदा आयुष्यभर कळत नाही. मला ते जन्मतःच सांगितलेले होते आणि त्याचा मला अजून गर्व आहे.

आम्ही चौघे भाऊ एकदमच एका भाड्याच्या गाड्यांच्या कचेरीत आलो. कचेरी म्हणजे एक खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, एक पाय आखूड असलेले बाक, आणि दाराबाहेर गाड्या उभ्या करायचे अंगण. अंगणातून रस्त्यावर उतरायला फरशीचा एक उतार होता. मालक तरुण होता, आणि त्याची सगळ्यात जुनी, सगळ्यात भरवशाची चालक म्हणजे त्याची सख्खी आत्या. तिला इतर चालकही आत्याच म्हणत. तिच्या वाट्याला डोंगरावरची फेरी असे. डोंगरावर छातीच्या रोग्यांचा दवाखाना होता. आत्या तिथे रोग्यांना न्यायची आणि बरे झालेल्यांना खाली आणायची. त्या रस्त्यावर एक वळण होते. पावसाळ्यात तिथे वरचे सगळे पाणी रस्त्यावरून आडवे वाहायचे आणि पलीकडे सरळ खोल दरी. तिथे ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावर आत्याचा जीव टांगलेला होता.

आमच्याबरोबर टायरांचा दुसराही एक संच आला होता. त्यांचे रबर कडक, अंग रुंद, खाचा कमी आणि उथळ. रस्त्यावर चालताना हूं की चूं करायचे नाहीत. आम्ही मात्र थोडे गुणगुणतो. पावसाळ्यासाठी दोघांपैकी एकाच जातीचे टायर घ्यायचे ठरले होते, म्हणून मालकाने दोन्ही संच तपासून बघायचे ठरवले.

या मालकाला चालक त्याच्या पाठीमागे न्यायाधीश म्हणत. तो चहा ओतायचा तो कप डोळ्यांच्या पातळीला धरून, कुणाला थेंबभर जास्त जाऊ नये म्हणून. बिस्किटाचा शेवटचा तुकडासुद्धा तो मोडून वाटायचा, मग खाणाऱ्याच्या हाती नुसता चुरा आला तरी चालेल. चाचणीसाठी त्याने एका बंद गोदामामागचे डांबरी मैदान मिळवले. मैदान एका बाजूला किंचित उतरते होते. त्यावरून त्याने रात्रभर विचार करून नियम काढला, की कोरडी चाचणी झाल्यावर डावीकडचे टायर उजवीकडे लावायचे आणि उजवीकडचे डावीकडे, म्हणजे उताराचा फायदा कुणा एकाला मिळणार नाही. गाडी तीच, चालवणारी आत्याच, ब्रेक दाबायची खूणही तीच. पुढे विटांच्या दोन रांगा मांडल्या होत्या आणि त्यांच्यामागे एक रिकामे पिंप.

कोरड्या रस्त्यावर आधी तो दुसरा धावला. आत्याने ब्रेक दाबला आणि तो खिळा ठोकल्यासारखा थांबला, विटांच्या बराच अलीकडे. मग आमची पाळी. आम्ही जीव तोडून थांबलो, पण त्याच्यापेक्षा चांगले हातभर पुढे. वळणावर अंगही थोडे जास्त कलले. मित्रांनो, हे मी लपवत नाही. कोरड्या रस्त्यावर तो माझ्यापेक्षा सरस होता आणि आजही असेल. हे मी कबूल करतो, पण मान खाली घालून नाही.

मग टँकरने मैदानावर पाणी सोडले, आणि नियमाप्रमाणे अदलाबदल झाली. फिटर आपल्या मेव्हण्याने घेतलेल्या म्हशीबद्दल सांगत होता. म्हैस लाथा कशा मारते हे सांगता सांगता त्याने आम्हाला काढले आणि दुसऱ्या बाजूला लावले. त्या दुसऱ्याला काही फरक पडला नाही. त्याच्या अंगावर बाणच नव्हता, तो कसाही फिरला तरी सारखाच. पण माझा बाण आता मागे, डिकीकडे तोंड करून होता. मी ओरडून सांगितले असते, पण टायरच्या तोंडून निघते ती फक्त हवा.

ओल्या रस्त्यावर तो दुसरा विटांपर्यंत घसरत गेला आणि पुढची रांग पाडून थांबला. मग आम्ही. ज्या खाचांनी पाणी बाहेर फेकायचे, त्या उलट्या फिरत होत्या आणि पाणी आत ओढत होत्या. माझ्याखाली पाण्याचा थर साचला आणि मी रस्त्यावरून उचलला गेलो. विटा गेल्या, विटांमागचे पिंप गेले, आणि गाडी गवतात जाऊन थांबली. त्या वेळी मला जी लाज वाटली ती मी आजवर विसरलो नाही. लाजेपेक्षा राग जास्त होता.

“झालं,” मालक, म्हणजे आत्याचा भाचा, म्हणाला. “हा पाण्यात कुचकामी आहे. सगळ्या गाड्यांना तो दुसरा लावायचा.”

आत्या गाडीतून उतरली.  तिने चपला हातात घेतल्या, चिखलातून पुढच्या चाकापाशी आली आणि उकिडवी बसली. मग बाहीने माझी कूस पुसली.

“अरे, याचं तोंड मागे आहे,” ती म्हणाली.

“गोल वस्तूला कसलं तोंड, आत्या?”

“ये इकडे. हा बाण बघ. तुझ्या नियमानं आपण याला उलटा पळवला.”

भाचा वाकला.  फिटरची म्हैस तिथेच अडली.

“नियम दोघांना सारखाच होता,” भाचा म्हणाला.

“सारखा होता, पण दोघं सारखे नाहीत ना,” आत्या म्हणाली. “उद्या मला आणि तुला एकाच मापाची चप्पल देशील आणि म्हणशील, बघा कसा न्याय केला.”

भाच्याचे कान लाल झाले. पण एक गोष्ट मानावी लागेल, तो खोटारडा नव्हता. तो टँकरवाल्याकडे वळला आणि म्हणाला, “विटा मांडा, पुन्हा पाणी सोडा. याला सुलटा लावा.”

मित्रांनो, त्या धावेबद्दल मी जरा फुशारकी मारणार आहे, ऐकून घ्या. बाण पुढे होता. पाणी समोर आले आणि मी त्याला दोन्हीकडे फाडले. आत्याने ब्रेक दाबला तेव्हा माझ्याखाली पाणी नव्हते, डांबर होते, आणि ते मी घट्ट धरले. विटा जागच्या जागी होत्या. आमच्यात आणि विटांच्यात एक आख्खी गाडी आडवी उभी राहिली असती एवढी जागा उरली. आत्या खाली उतरली नाही. काच खाली करून तिने फक्त भाच्याकडे पाहिले.

त्या दिवसापासून सपाटीवरच्या गाड्यांना तो दुसरा लागला आणि डोंगरावर आम्ही गेलो. मी आत्याच्या गाडीला पुढे डावीकडे होतो, म्हणजे उतरताना दरीच्या बाजूला. त्या वळणावर पाणी कधी घोट्याएवढे असे, कधी त्याहून जास्त. मागच्या सीटवर कुणी खोकत असे, कुणी घरी जायच्या आनंदात बडबडत असे. आत्या वळणाच्या आधी बोलणे थांबवायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायची आणि पुटपुटायची, “चल रे बाबा.” मी चालायचो. मला एकदाही घसरावेसे वाटले नाही.

पण रबर ते रबर. दर फेरीला रस्ता माझ्यातला थोडा भाग ठेवून घेत होता. एका भावाला खिळ्याने नेले, दुसऱ्याची कूस फुगली, तिसरा खड्ड्यात फाटला. त्यांच्या जागी नवे आले. माझ्या खाचा इतक्या उथळ झाल्या की बोटाचे नखही नीट अडकेना. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या पट्ट्या असतात. त्या वरच्या रबराच्या पातळीला आल्या की टायरने निवृत्त व्हायचे असते. माझ्या त्या पट्ट्या पातळीला आल्या होत्या.

आता भाच्याचे काय झाले बघा. जो मला कुचकामी म्हणाला, तोच मला डोक्यावर घेऊन नाचू लागला. नवीन गिऱ्हाईक आले की त्याला अंगणात आणून माझ्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “हाच तो. पाण्यात जिंकलेला.” फिटरने मला बदलायचा विषय काढला तर त्याच्या अंगावर जायचा. एवढी सेवा केलेल्याला असे काढून टाकणे हा अन्याय, असे त्याचे म्हणणे. स्तुती ऐकायला गोड लागते, मी नाही म्हणत नाही. पण स्तुतीने खाचा खोल होत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यातली एक सकाळ. बारीक पाऊस पडत होता. एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना डोंगरावर न्यायला आली होती. म्हातारबाबा मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसले, मुलगी शेजारी बसली. आत्या गाडीभोवती फिरली, माझ्यापाशी थांबली, माझ्यावरून अंगठा फिरवला, आणि किल्ली परत भाच्याच्या हातात ठेवली.

“या टायरवर मी वर जाणार नाही.”

“आत्या, हा तोच आहे. तूच याला न्याय दिलास.”

“तेव्हा त्याला खाचा होत्या. आता हा नुसता गुळगुळीत गोटा आहे.”

“माणसं गाडीत बसलीत. त्यांना काय सांगू?”

“खरं ते सांग. अर्धा तास थांबा म्हणावं, टायर बदलतो. नाहीतर दुसरा चालक बघ. आजवर मी तुला कशाला नाही म्हटलं नाही, आज म्हणते.”

अंगणातले चालक इकडेतिकडे पाहू लागले. चारचौघांत नकार मिळाल्याने भाचा चिडला. “मग मीच नेतो,” म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला.

मित्रांनो, मी त्याच्या गाडीखाली होतो आणि मला सगळे ठाऊक होते. वर ते वळण आहे, पाणी आडवे वाहते आहे, आणि मी आता पाणी फाडू शकत नाही. माझ्या मागच्या पराक्रमावर विसंबून तीन माणसे दरीकडे निघाली होती. आत्याने नाही म्हटले, तिचे कुणी ऐकले नाही. माझे तर कोण ऐकणार.

गाडी फरशीच्या उतारावर आली. फरशी ओली होती. भाच्याने रस्त्यावर येण्याआधी ब्रेक दाबला आणि मी घसरलो. मुद्दाम घसरलो की माझ्याने धरवलेच नाही, हे तुम्ही ठरवा. घसरायचेच होते तर अंगणात घसरावे, एवढे मला कळत होते. गाडी माणसाच्या चालीने सरकत गेली आणि फाटकाच्या खांबावर टेकली. बंपर वाकला, दिवा फुटला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही.

मागून म्हातारबाबांनी विचारले, “पोचलो का?”

 “नाही बाबा,” भाचा म्हणाला, “अजून निघालोच नाही.”

तो उतरला, माझ्यापाशी बसला आणि त्याने पहिल्यांदा माझ्यावरून बोट फिरवले.  आत्या जॅक घेऊन आली. दोघांनी मिळून मला काढले, आणि नवा टायर लावताना भाच्याने बाण कुठे आहे हे आधी पाहिले. मग आत्याच गाडी घेऊन गेली, म्हातारबाबा आणि त्यांच्या मुलीला घेऊन.

मी आता कुंपणाला टेकून पडलेलो आहे. फिटर म्हणतो, याला रंग देऊन कुंडी करू. कुणी म्हणते, झोपाळा करू. खुशाल करा, पण पुन्हा रस्त्यावर नेऊ नका. कुणी दया म्हणून न्यायला आला तर मी पुन्हा घसरेन, हे लक्षात ठेवा.

आणि मित्रांनो, पाऊस सुरू व्हायच्या आधी आपल्या घरच्या गाडीपाशी बसा आणि टायरच्या खाचेत बोट घालून बघा. वडील म्हणतील, हा चांगला टायर आहे, याने खूप साथ दिली. म्हणू द्या. तुम्ही तरीही हट्ट धरा. तुम्हाला उद्धट म्हणतील, तेही ऐकून घ्या. आम्हाला काढून टाकण्यात आमचा अपमान नाही. माणसे खाली दरीत आणि आम्ही मात्र नावाजलेले, हा आमचा अपमान आहे.

आज सकाळपासून पाऊस आहे. डोंगरावरच्या वळणावर आता पाणी वाहत असेल, आणि आत्या तिथून पार होत असेल. ती ज्या टायरवर जाते आहे त्याने अजून काहीच जिंकलेले नाही. पण त्याला खाचा आहेत, आणि मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो आहे.