दादाच्या जुन्या कमांड

हॉस्पिटलात मेल सर्व्हर नावाची वस्तू आहे हे डॉक्टरांना तो बंद पडला की कळतं. एरवी तळघरातल्या त्या गार खोलीत कोण बसतं आणि दिवसभर काय करतं, याची कुणाला काही पडलेली नसते. तिथं दादा आणि बारकी बसायची. दोघं सख्खी भावंडं. दादा मेल सर्व्हरचा प्रमुख, बारकी त्याच्या हाताखाली. बारकी आता चाळिशीला आली होती, केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी दादानं सगळ्यांसमोर तिला घरच्या नावानं हाक मारली आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. नर्सपासून शिपायापर्यंत सगळे तिला बारकी मॅडम म्हणत. तिनं सुरुवातीला रागावून पाहिलं, मग नाद सोडला.

खोलीत तीन मशीनं होती आणि तिन्हींवर ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन वेगळं. नवं मशीन डॉक्टरांचं आणि वॉर्डांचं, मधलं ऑफिसचं, आणि भिंतीशी घरघर करत बसलेलं जुनं मशीन लॅबचं, कारण रक्त तपासणारं यंत्र त्याच्याशिवाय कुणाशी बोलायला तयार नव्हतं. मेलचा प्रोग्राम तिन्हींवर एकच, पण नखरे तीन तऱ्हांचे. जुन्यावर सगळ्या सेटिंग्ज एका लांबलचक फाइलमध्ये, नव्यावर त्याच सेटिंग्ज ढीगभर फाइलींत विखुरलेल्या. मेल बंद करून पुन्हा चालू करायचा तर मधल्यावर आधी प्रोग्रामचं नाव लिहायचं आणि मग त्यानं काय करायचं ते. नव्यावर बरोब्बर उलट. आणि जुनं मशीन तर प्रोग्राम कुठं ठेवलाय त्याचा सगळा पत्ता लिहिल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

"आधी मशीनला व्हर्जन विचारायचं," दादानं तिला शिकवलं होतं, "मगच बोटं चालवायची. आपल्याला काय येतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं."

ही खोली बारकीला नोकरीच्या आधीपासून माहीत होती. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादा नुकता इथं चिकटला होता. आई दिवसभर कामावर. म्हणून शाळा सुटली की बारकी सरळ तळघरात यायची आणि कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावर बसून गृहपाठ करायची. तेव्हा मशीन एकच होतं. दादानं तिला शिकवलं, तिची फी भरली, आणि पुढं साहेबांच्या मागं लागून लागून तिला याच खोलीत नोकरीला लावलं. दादासाठी ती काहीही करायला तयार होती, आणि तिनं केलंही. घात झाला तो त्यातूनच.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते असं. दादानं नव्या मशीनवर मधल्याची कमांड लिहिली. मशीन म्हणालं, ही कमांड मला माहीत नाही. दादानं पुन्हा तेच लिहिलं, अगदी सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. पुन्हा नकार. मग त्यानं कीबोर्डवर मूठ आपटली. दादा मशीनवर कधीच चिडत नसे, माणसांवरच चिडायचा. बारकीनं थकला असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात त्यानं नव्या मशीनकडं बोट दाखवून विचारलं, "हे कधी आणलं गं?" ते त्यानंच, दुकानदाराशी हुज्जत घालून, निवडून आणलं होतं.

घरी वहिनी याहून पुढचं सांगत होती. दादा संध्याकाळी जुन्या घराच्या स्टॉपवर उतरायचा. ते घर सोडून कितीतरी वर्षं झाली होती. तिथल्या लोकांनी फोन केला की वहिनी जाऊन त्याला घेऊन यायची. दोघी त्याला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, आधी नवं नवं पुसलं जाईल आणि जुनं सगळ्यात शेवटी. परत येताना वहिनीनं रिक्षात तिचा हात धरला. ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस, म्हणाली. ती खुर्ची गेली तर माणूस खिडकीशी बसून राहील आणि महिनाभरात संपेल. रिटायर होईपर्यंत सांभाळ, बाकी मी बघते. बारकीनं शब्द दिला.

आता भावाला तर ती दुरुस्त करू शकत नव्हती. मशीनं तिच्या हातात होती. तिनं नव्या मशीनवर एक छोटीशी फाइल ठेवली. दादानं मधल्याच्या पद्धतीनं कमांड लिहिली की ही फाइल ती वाटेत पकडायची, शब्द उलटसुलट करून नव्या पद्धतीनं मशीनला द्यायची. दादाला काही पत्ता नाही, मशीनलाही नाही. दुसऱ्या दिवशी दादानं कमांड लिहिली आणि मशीननं गुपचूप ऐकलं. "सुधारलं बघ," दादा खूश होऊन म्हणाला. बारकीला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोनदा चहा मागवला.

हा आनंद फार टिकला नाही. दादा आणखी मागं सरकला. आता तो सगळीकडं जुन्या मशीनसारखे पूर्ण पत्ते लिहू लागला. बारकीनं आणखी एक फाइल ठेवली. मग तो सेटिंग्जची ती लांबलचक एकच फाइल शोधू लागला, तर तिनं तीही बनवून ठेवली. त्यात त्यानं काही बदललं की बदल आपोआप जिथं हवेत तिथं जाऊन बसायचे. रोज सकाळी ती टेबल पुसता पुसता सहज विचारल्यासारखं विचारायची, "दादा, लॅबचं मशीन कुठलं रे?" तो काय म्हणतो त्यावरून आज दादा कुठल्या सालात आहे हे तिला कळायचं. दादानंच शिकवलं होतं, आधी व्हर्जन विचारायचं. कधी कधी तिला याचं हसू यायचं. ती त्याच्यावर पांघरूण घालत होती आणि ते दर आठवड्याला तोकडं पडत होतं.

त्यातच लॅबला रक्त तपासणारं नवं यंत्र आलं. हॉस्पिटलच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं, आता जुन्या मशीनची गरज नाही, सगळं नव्या व्हर्जनवर आणा. बारकीनं लॅबचा मेल नव्या मशीनवर हलवला. दोन माणसं येऊन घरघरणारं मशीन उचलून घेऊन गेली. दादा त्यांच्यामागं जिन्यापर्यंत गेला आणि सांभाळून न्या, असं सांगून आला. संध्याकाळी त्यानं विचारलं, ते मशीन दुरुस्तीहून कधी येणार. बारकी म्हणाली, येईल.

ज्या दुपारी हे सगळं गळ्याशी आलं, तेव्हा बारकी वरच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा मेल का उघडत नाही ते बघायला गेली होती. खाली लॅबमधून वॉर्डांना मेलनं जाणारे रिपोर्ट मशीनच्या रांगेत अडकले. जुन्या मशीनवर असं झालं की दादाचा ठरलेला उपाय असायचा. रांग पुसून टाकायची आणि मेल पुन्हा चालू करायचा. लॅबचं जुनं यंत्र उत्तर आलं नाही की रिपोर्ट आपणहून परत पाठवायचं, त्यामुळं काही बिघडत नसे. नवं यंत्र एकदाच पाठवतं. दादानं जुनी कमांड लिहिली, पूर्ण पत्त्यासकट. नव्या मशीननं ती एरवी साफ नाकारली असती. पण बारकीची फाइल मध्ये होती. मशीननं मुकाट्यानं ऐकलं आणि सकाळपासून अडकलेले रिपोर्ट पुसून टाकले.

लॅब म्हणाली पाठवले, वॉर्ड म्हणाला आले नाहीत. एका बाईचं ऑपरेशन त्यातल्या एका रिपोर्टसाठी थांबलं होतं. ती सकाळपासून उपाशी पडून होती. तिचा नवरा इकडं विचार, तिकडं विचार करत शेवटी तळघरात पोचला. दादानं त्याला खुर्ची दिली. काळजी करू नका, म्हणाला, यंत्र स्वतःच परत पाठवतं, आत्ता येईल. इतक्या खात्रीनं आणि आपुलकीनं म्हणाला की त्या माणसाचा विश्वास बसला. तो रिपोर्टची वाट बघत जिन्याच्या पायरीवर बसला.

बारकी खाली उतरली तेव्हा तो तिथंच होता. तो अंग चोरून बाजूला सरकला आणि म्हणाला, "येतोय, साहेब म्हणाले." तिनं आत जाऊन काय काय झालंय ते मशीनवर वाचलं. लॅबला फोन करून तिनं सगळे रिपोर्ट पुन्हा पाठवून घेतले. तोवर सर्जन निघून गेले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. तिनं जिन्यात जाऊन त्या माणसाला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही, त्यानं फक्त विचारलं, मग आता तिला काही खायला देऊ का? बारकीला वाटलं, यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती स्वतःच मॅनेजरबाईंकडं गेली आणि वहिनीला दिलेला शब्द मोडला. पहिल्या फाइलपासून सगळं सांगितलं. मॅनेजरबाई आवाज चढवतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मशीनला समजावलंत. मला का नाही समजावलंत?" उद्यापासून दादानं कीबोर्डला हात लावायचा नाही, पगार आणि रजेचं त्या बघतील, आणि त्या फाइली आजच्या आज काढायच्या, असं ठरलं.

ती खाली आली. दादा खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. तिनं पलीकडच्या कीबोर्डवरून फाइली एकेक करून काढल्या. जी शेवटी ठेवली होती ती आधी, पहिली सर्वांत शेवटी. भावाच्या पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं तिला वाटत होतं, आणि दुसरा काही इलाजही सुचत नव्हता.

दादानं चष्मा लावला आणि कमांड लिहिली. मशीन म्हणालं, माहीत नाही. त्यानं पुन्हा लिहिली. या वेळी मूठ आपटली नाही. वळून तिच्याकडं बघितलं, जरा संकोचानं.

"मॅडम, तुम्ही बघता का जरा? सकाळपर्यंत ऐकत होतं."

दादा तिची थट्टा करायचा, पण मॅडम त्यानं कधी म्हटलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हतीच. अनोळखी माणसाकडं काम असलं की तो असाच अदबीनं बोलायचा. बारकीनं रोजचा प्रश्न विचारला, कारण तिला दुसरं काही सुचलंच नाही. "लॅबचं मशीन कुठलं?"

"लॅबला कुठलं मशीन? एवढं एकच तर आहे," दादा म्हणाला. मग काही आठवल्यासारखं त्यानं कोपऱ्याकडं बघितलं. तिथं आता नुसत्या वायरी पडल्या होत्या. "एक विनंती होती. माझी धाकटी बहीण येईल आता शाळेतून. इथं खोक्यावर बसते, अभ्यास करते. कुणाला त्रास देत नाही. तिला हाकलू नका."

"नाही हाकलणार," बारकी म्हणाली.

"वडील नाहीत हो तिला."

तिनं मान हलवली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. दादानं तिला कमांड सांगायला सुरुवात केली, एकेक शब्द, पूर्ण पत्त्यासकट, नवख्याला सांगावं तसं सावकाश. तिनं त्यातलं काही लिहिलं नाही. नव्या पद्धतीनं लिहायला हवं होतं ते लिहिलं. मेल चालू झाला.

"झालं का?"

"झालं."

"छान," दादा म्हणाला. "लवकर शिकाल तुम्ही." आणि खुर्ची दाराकडं वळवून तो बारकीची वाट बघत बसला.