बाईसाहेबांचं जाकीट

शिंपीमास्तरांच्या दुकानातली करडी पोपटीण दांडीवरून पिकल्या फळासारखी टपकन खाली पडली, तेव्हा मास्तरांची कात्री कोटाच्या बाहीतून थेट खिशापर्यंत गेली. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. अंग गोलमटोल, आणि चालणं असं, की सारी आळी जणू त्यांच्याच मालकीची.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं.

"रक्तवाहिन्यांत चरबी धरलीय. हृदयावर ताण येतोय. खाते काय ही?"

"सूर्यफुलाच्या बिया. थोड्याशा."

"थोड्याशा म्हणजे?"

"संपेपर्यंत," मास्तर म्हणाले.

"आणि उडते कधी?"

"उडायची वेळच येऊ देत नाही आम्ही. काय हवं ते हातात नेऊन देतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "वय झालेलं, त्यात मादी, त्यात ही जात. या तिन्ही गोष्टी देवाच्या हातात. तेलकट बिया आणि दिवसभराची बैठक मात्र तुमच्या हातात. बिया बंद, पालेभाज्या सुरू, आणि रोज थोडंथोडं उडवा. पुन्हा अशी पडली, तर उठेलच असं नाही."

मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. बायको गेल्यामागं घरात बोलणारं कोण, तर थोरली बहीण आक्का आणि बाईसाहेब. त्यातही गोड बोलणाऱ्या बाईसाहेबच.

पण वजनाच्या काट्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. काटा खोटं बोलेल, शिवण बोलत नाही, असा त्यांचा धर्म. त्यांनी बाईसाहेबांना अंगासरसं जाकीट शिवलं. बारीक झाल्या की ढगळ होईल, आपोआप कळेल.

जाकीट चढताच बाईसाहेब म्हणाल्या, "काखेत जरा घट्ट होतंय हो."

आक्का दुकानात काज-बटणं करायची. हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक तसंच परत पाठवणं तिनं जन्मात केलं नव्हतं. दुपारी मास्तरांचा डोळा लागला, तसं तिनं टाके उसवून जाकीट बोटभर सैल केलं.

आठवड्यानं मास्तरांनी जाकिटात बोट घातलं, तर ते अलगद आत गेलं. "देवा, पावलास रे बाबा," म्हणत त्यांनी आनंदाच्या भरात बाईसाहेबांना मूठभर बिया चारल्या. आजच्यापुरत्याच. दुसऱ्या दिवशी काखेत पुन्हा घट्ट झालं, आक्कानं पुन्हा उसवलं, देव पुन्हा पावला, आणि बियांची मूठ पुन्हा उघडली.

पुढच्या तपासणीत काटा म्हणाला, वजन वाढलंय.

"काटा बिघडलाय तुमचा," मास्तर म्हणाले. "जाकीट बघा, कसं लोंबतंय."

डॉक्टरीणबाईंनी जाकीट उतरवून उलटं केलं. शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा. मास्तरांनी हात ओळखला आणि सोबत आलेल्या आक्काकडं मान वळवली.

"गिऱ्हाईक ओरडत होतं," आक्का म्हणाली. "मी काय कानात बोळे घालून बसू?"

"अगं, ती पोपट आहे. ट्रायलच्या खोलीत लोक बोलतात, तेच बोलते."

"मग तसं सांगायचंस. तू तर तिला विचारल्याशिवाय कापड फाडत नाहीस."

"एक विचारू?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "हे घालून तिनं पंख कसे हलवायचे?"

भाऊ-बहीण जाकिटावर वाकले. शिंप्याच्या घरात जन्म काढला, पण पंखांना बाह्या लागतात हे दोघांनाही सुचलं नव्हतं. मास्तरांनी तिथलीच कात्री मागितली आणि स्वतःच्या हातचं काम पहिल्यांदाच जाणूनबुजून फाडलं.

घरी आल्यावर आक्कानं इस्त्रीच्या टेबलावर पालकाची जुडी ठेवली. बाईसाहेबांनी पिंजऱ्यावरून लांबूनच ती न्याहाळली.

"मास्तर, आणा."

मास्तर उठले.

"बस खाली," आक्का म्हणाली. "बहिणीच्या हाकेला कधी एवढ्या लगबगीनं उठला नाहीस."

मास्तर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, डोळे मिटले आणि नामस्मरण सुरू केलं. बाईसाहेबांनी आधी गोड हाक मारली, मग रागावून, मग खोकून दाखवलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, पण बूड हललं नाही. मग हाका थांबल्या. ती शांतता त्यांना पेलेना. पडल्या की काय?

एवढ्यात कानाजवळून वारा गेला, डोक्यावरची टोपी उडाली, आणि टेबलावर धप्पकन काहीतरी उतरलं. मास्तरांनी एक डोळा उघडला. बाईसाहेब पालकावर उभ्या होत्या, छाती भात्यासारखी हलत होती, आणि नजर अशी, की या घरात आता नोकर बदलावे लागतील.

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तिकडं तोंड करून रड," आक्का म्हणाली. "पुढ्यात गिऱ्हाइकाची लग्नाची पॅंट आहे."