पलंगाचा चढ

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्क साहेबांना रात्री आडवं झालं की छातीत जळजळायचं आणि घशाशी आंबट यायचं. त्यावर त्यांनी डॉक्टरला सोडून सुताराला बोलावलं, यावरून माणूस कसा होता ते कळावं. डोकं उंच ठेवलं की बरं वाटतं, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. झालं! पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन इंचांचे ठोकळे बसले. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा जळजळ, पुन्हा सुतार, पुन्हा दोन इंच.

आता पलंगाचा घाट झाला होता. बायको रात्री उशीवर डोकं ठेवून झोपायची आणि सकाळी तिचे पाय पलंगाबाहेर लोंबत असायचे. चादर तर रोज जमिनीवरच सापडायची. दुखणं पलंगाला नाही, असं तिने एकदोनदा सुचवून पाहिलं. साहेबांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. रविवारी सकाळी त्यांनी सुतारमामांना तिसऱ्यांदा बोलावलं.

सुतारमामा साठीचे, शांत. त्यांनी पलंगाला फूटपट्टी लावली आणि सांगितलं, "साहेब, आणखी दोन इंच वाढवले तर ही घसरगुंडी होईल. शेजारची पोरं रांग लावतील." मग त्यांनी सहज विचारलं, रात्री जेवता किती वाजता?

साहेबांनी सगळा दिनक्रम सांगितला. सहाला घरी. चहाबरोबर बशीभर खारे दाणे. मग एक डुलकी. मग टीव्हीवरची चर्चा, जिच्यात चारजण एकाच वेळी ओरडतात. तिचा निकाल लागल्याशिवाय साहेबांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि निकाल काही कधी लागत नसे. साडेदहाला ताट, अकराला अंथरूण. मोठी माणसं उशिराच जेवतात, हेही त्यांनी ऐकवलं.

"गेल्या महिन्यात नळाच्या अर्जासाठी तुमच्या खिडकीशी आलो होतो," मामा म्हणाले. "पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. तुम्ही आतूनच सांगितलंत, वेळ संपली, उद्या या."

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले.

"मग पोटालाही नियम असेल की. दिवसभर राबून ते आवरायला घेतं, तेव्हा तुम्ही भरलेलं ताट घेऊन खिडकीशी हजर. वर लगेच पाठ टेकता. ते बिचारं परत पाठवतं, घशाशी. ठोकळे मी बसवीन हो, पण हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय."

सुताराने लाकडापुरतं बोलावं, असं साहेबांचं मत पडलं. पलंग सरकवायला जागा हवी म्हणून त्यांनी बायकोच्या बाजूचं छोटं कपाट ओढलं. त्याचा खण उघडला आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद भराभर जमिनीवर पडले. बायकोला मधुमेह! साहेबांना एकदम जोर चढला.

"बघा मामा, साखरेचा आजार आणि चोरून गोळ्या! उपदेश करायचा तर हिला करा."

बायको दारातच उभी होती. ती चिडली नाही.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आठला औषधाची गोळी घ्यायची आणि लगेच जेवायचं. मी आठला घेते. जेवण तुमच्याबरोबर साडेदहाला. मधे हातपाय कापायला लागतात, घाम फुटतो. मग एक पेपरमिंट तोंडात टाकते. परवा ती हाताशी नव्हती, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन ओट्याशीच खाली बसले. तुम्ही टीव्हीसमोर होता."

"मग आधी जेवून घ्यायचंस. मी कधी नको म्हटलंय?"

"एकदा जेवले होते. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. म्हणालात, एकेकट्याने जेवायचं तर खानावळ काय वाईट."

मामा खाली मान घालून फूटपट्टी पुसत राहिले. साहेब गुडघ्यांवर बसून कागद गोळा करू लागले. एकेक कागद म्हणजे एकेक संध्याकाळ होती, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी ते तिच्यापासून दहा पावलांवर बसलेले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. छातीतली जळजळ त्यांना तीन वेळा सुताराला बोलवायला लावून गेली, आणि हिचे कापणारे हात मात्र त्यांना एकदाही दिसले नव्हते.

"मामा, ठोकळे काढा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आठ वाजता चर्चा ऐन रंगात असताना साहेबांनी टीव्ही बंद केला. पानं त्यांनीच घेतली. घेताना अर्धं पाणी टेबलावर सांडलं. दाण्यांनी पोट भरलेलं, भूक कुठली असायला? तरी ते बसले, आणि बायकोने औषध घेताच तिचं ताट पुढे सरकवून म्हणाले, "तू सुरू कर." तिने गरम घास तोंडात घातला. तिचा हात स्थिर होता.

दाणे दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. जळजळही हळूहळू कमी झाली, आणि साहेब जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारू लागले.

मंडळी, उशिरा जेवणाऱ्याचं पोट बिघडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यासाठी ताटकळणाऱ्याचं काय काय बिघडतं, ते त्याला कुणी सांगत नाही. घरातली माणसं तर नाहीच नाही. घरच्यांना उपाशी ठेवून मिळतो तो मान नव्हे. संध्याकाळी वेळेवर जेवा, आणि आपल्या घरात आपल्यासाठी कोण थांबलंय ते स्वतः उठून बघा. आजच बघा, आठच्या आत.