बिनपाल्याचे कांदे

राजनंदिनी यवतजवळच्या ज्या शाळेत आहे, तिथे निम्मं शिक्षण मराठीत आणि निम्मं इंग्रजीत होतं, आणि बारावीऐवजी आयबी डिप्लोमा मिळतो. हा डिप्लोमा जगभर चालतो. आमच्या न्हावऱ्यात चालायला जरा वेळ लागला. डेअरीवर कुणीतरी विचारलं, "डिप्लोमा म्हंजी मेकॅनिकल का सिव्हिल?" तिचे आजोबा कोंडिबा, म्हणजे घरचे आबा, म्हणाले, "इंटरनॅशनल." या शाखेला कुणाच्याच नात्यातलं कुणी नसल्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

डिप्लोमासाठी स्वतः संशोधन करून एक मोठा निबंध लिहावा लागतो. बाकीच्या मुलांनी प्रयोगशाळेत मावणारे विषय घेतले. राजनंदिनीने घरचा कांदा घेतला. प्लॅस्टिकचे कॅरेट भरले, निम्म्यांत कडुलिंबाचा पाला घातला, निम्मे तसेच ठेवले. पाल्याने सड कमी होते का, एवढाच प्रश्न. दर रविवारी वसतिगृहातून घरी यायचं, सडके कांदे मोजायचे, कॅरेटचं वजन करायचं. बाकीचे दिवस प्रयोग गावाच्या ताब्यात.

तिच्या मार्गदर्शक प्राची मॅडमनी आधीच बजावलं होतं, "मापांवर विश्वास बसला नाही तर विषय बदलायचा. प्रयोगशाळेत यीस्ट तयार आहे." राजनंदिनीचं यीस्टशी वैर नव्हतं. पण कांदा तिचा होता.

एका रविवारी तिने मॅडमना फोन लावला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

"मॅडम, बिनपाल्याच्या कॅरेटमध्ये एकसुद्धा सडका नाही! आणि वजन वाढलंय!"

"वाढलंय?"

"काटा परत परत बघितला! कसं ते कळत नाही, म्हणून तर भारी!"

"राजनंदिनी, काढलेला कांदा सुकतो. वाढत नाही. पुढच्या रविवारी मी येते. हिशोब लागला नाही तर यीस्ट."

मॅडम आल्या. आबांनी शाल घातली, नारळ दिला. शेजारच्या झुंबरबाई चहा घेऊन आल्या आणि अख्खी शाळाच बघायला मिळावी तशा मॅडमकडे बघत उभ्या राहिल्या.

"या कॅरेटना कुणी हात लावतं का?" मॅडमनी विचारलं.

"कुणाची टाप हाय?" आबा म्हणाले. "दम दिलाय समद्यांला."

"कुणी लावत न्हाई," झुंबरबाईंनी दुजोरा दिला. "मी लावते तेवढंच."

"म्हणजे?"

"रोज सकाळी निवडते की. सडका दिसला का टाकायचा उकिरड्यावर. बघवत न्हाई बाई."

"सगळ्याच कॅरेटमधले?"

"न्हाई, हेच. त्यास्नी पाला तरी हाय. ह्यास्नी काय हाय?"

"अहो, पण मग वजन कसं वाढलं?"

"पोरीचं माप कमी दिसाया नगं म्हणून एकाला एक आमच्यातला घालते." झुंबरबाईंनी पदर सावरला. "मोठा बघून."

"बगा मॅडम," आबा भारावून म्हणाले, "गाव कसं पाठीशी हाय!"

प्रयोगात ज्याला काहीच द्यायचं नसतं, त्या गटाला इतकी माया जगात कुठल्याही आयबी शाळेत मिळाली नसेल. मॅडमनी चहा खाली ठेवला. "यीस्ट," त्या म्हणाल्या.

राजनंदिनीने कॅरेटमधला एक मोठा कांदा उचलून बघितला. मग एकदम तिचे कान लाल झाले.

"काकी, तुम्ही तुमच्या कांदाचाळीत पण असंच निवडता?"

"मंग? समदीच निवडत्यात. तुझी आई काय वेगळं करती?"

"मॅडम, मला हे मोजायचंय! पाल्याचं राहू दे. निम्मे कॅरेट काकींनी रोज निवडायचे, बदली कांदा घालायचा नाही. निम्म्यांना कुणीच हात लावायचा नाही. बघू, निवडल्याने किती वाचतो!"

मॅडम उठल्या होत्या त्या परत बसल्या. "प्रश्न चांगला आहे. पण हात न लावलेला कांदा तुमच्या गावात मिळेल का? पुढच्या रविवारपर्यंत तसे कॅरेट राखून दाखव. सड दिसली तर विषय तुझा."

तो आठवडा न्हावऱ्याला जड गेला. आबांनी त्या कॅरेटशेजारीच बाज टाकली. झुंबरबाई आपल्या वाट्याचे कॅरेट निवडून, दुसरीकडे न बघता, गोठ्याला वळसा घालून घरी जायच्या. डेअरीवर रोज चौकशी, "आला का वास?" हवा दमट होती, वास आला. तशी बातमी गावभर गेली आणि दोघांनी तर येऊन खात्री करून घेतली. कांदा सडावा म्हणून इतकी माणसं एकदिलाने वाट बघत असल्याचं न्हावऱ्यात कुणाला आठवत नव्हतं.

रविवारी अंगणात गर्दी झाली. मॅडम व्हिडिओ कॉलवर. राजनंदिनीने राखलेल्या कॅरेटमध्ये तळापर्यंत हात घातला. बोटं पचकन आत गेली.

"सडला!" ती ओरडली. "मॅडम, सडला! अजून एक! हा पण!"

टाळ्या पडल्या. मागच्यांना दिसावं म्हणून आबांनी एक काळा गळका कांदा वर उचलून धरला.

"विषय तुझा," फोनमधून आवाज आला, आणि राजनंदिनीने त्याच हातांनी आबांना मिठी मारली.

"आता टाकू का गं?" झुंबरबाईंनी हळूच विचारलं.

"नाही काकी, परत आतच ठेवायचे. आता तर सुरुवात आहे!"

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या.