शेपटीवरचे तीन थर

मासा पुढं सरकतच नव्हता. हौदाच्या मधोमध डोकं झटकत तो जागच्या जागी थरथरत होता आणि काठावर करुणाचा जीव खालीवर होत होता.

रणवरे सर बारामतीहून स्कूटरवर डाळजला आले होते ते या माशासाठीच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा करुणाचा हा यांत्रिक माशाचा प्रकल्प बाळंतपणात अर्धवट राहिला होता. सरांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "पंखा नाही, नुसत्या शेपटीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, की सही. नाही तर पुन्हा वर्षभर कॉलेज."

सात महिन्यांच्या तेजूला घरी टाकून वर्षभर? करुणाला तो विचारही सोसेना.

"काल बादलीत छान वळवळत होता हो सर! नुसता सांगाडा होता तेव्हा."

सांगाडा म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेले पत्र्याचे तीन तुकडे आणि पुढं साबणाच्या डबीत खेळण्यातल्या गाडीची मोटार. पाणी शिरेल या धास्तीनं तिनं रात्री त्यावर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर चढवलं. एक थर पुरेल का? म्हणून दुसरा. आणि सकाळी उठून तिसरा.

तेजूला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी, म्हणजे ताईबाईंनी, मान लांब करून पाहिलं. "आगं, लेकीला गुंडाळतीस तसंच ह्यालाबी गुंडाळलंस व्हय? हलंल कसा त्यो?"

"आत्या, मोटारीत पाणी गेलं तर संपलंच."

"मोटार डबीत हाय न्हवं? मग डबी झाक. शेपटीला कसली थंडी वाजतीया?"

सर फिसकन हसले. करुणानं ब्लेड घेतलं. डबीवरचं रबर तसंच ठेवून शेपटीवरचे वरचे दोन थर सोलले आणि टोकाकडचा उरलेला थरही तासून पातळ केला. पाणी शिरलंच, तर दुसरी मोटार नव्हती.

मासा पाण्यात सोडला. शेपटी मऊ वाकली, वळण पोटापासून टोकापर्यंत सरकत गेलं, आणि...

"निघाला! आत्या, निघाला!"

थोडा डावीकडं कलंडून, पण जिवंत असल्यासारखा तो निघाला होता. करुणा काठानं त्याच्याबरोबर पळत सुटली, मागं पॅंट सावरत सर. पलीकडच्या भिंतीला टक् करून मासा थांबला. तिनं डबी उघडली. आत थेंब नव्हता.

"कोरडी आहे, सर! ठणठणीत कोरडी!"

बघायला सर वाकले आणि त्यांच्या खिशातलं पेन डुबुक् करून हौदात गेलं.

"घ्या! आता सही कशानं करू?"

"मासाच सोडा की, आणंल त्यो," ताईबाई म्हणाल्या.

पण करुणा कधीच साडीसकट पाण्यात उतरली होती.

"बघा, बघा! लेकीला भर उन्हाचं टोपडं," ताईबाई तेजूच्या कानात ओरडल्या, "आन् आय बघ तुजी, कमरंएवढ्या पाण्यात!"