नळावरचं भांडण आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे, आणि खरं सांगते, मी भित्री आहे. मला बोंब मारता येते, बोलता येत नाही. ही माझी मोठी अडचण.

माझा सांगाडा इतर गाड्यांसारखाच घडला. मग माझ्या पोटात डोक्याच्या आतले फोटो काढणारं यंत्र बसवलं. लकवा मारलेल्या माणसाला दवाखाना गाठेपर्यंत फार उशीर होतो, म्हणून दवाखानाच त्याच्या दारी न्यायचा, असं ठरलं होतं. वाशीमला आले तेव्हा लोकांनी नारळ फोडला, हार घातले. हार सुकले आणि खड्ड्यांचे दिवस सुरू झाले.

एकदा मानोऱ्याकडच्या एका गावातून दुपारी फोन आला. चालक फय्याजने मला दामटलं. पोचलो तर घराचं दार बंद.

"काका, दार कायले लावून ठेवलं?" फय्याज ओरडला.

"वारं लागते ना बाप्पा तिले," आतून शेषराव म्हणाले.

त्यांची बायको लिलाबाई गोधडीत गुंडाळलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबत होता. तिला माझ्या पोटात घेतलं. फोटो निघाला. माझ्यासोबत आलेल्या डॉक्टर नीलिमाताई म्हणाल्या, "रक्तस्राव नाही. नस गुठळीने बंद झालीय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे. काका, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं यांना?"

"पहाटे. म्या वावरात गेलो तवा चांगली होती. आता आलो तं अशी पडेल होती."

ताईंचा हात थांबला. "पहाटेपासून धरलं तर साडेचार तास उलटून गेलेत, मग इंजेक्शन देता येत नाही. उशिरा दिलं तर डोक्यात रक्त सुटायची फार भीती. मधे कोणी पाहिलं का?"

शेषरावांनी नाही म्हणून मान हलवली.

मित्रांनो, मी शेजारच्या भिंतीला खेटून उभी होते. भिंतीआड कोणीतरी पुटपुटत होतं, "म्याच मारलं तिले. मायी जीभच काळी." ती शेजारीण नानीबाई होती. दोनदा ती माझ्या दाराशी आली आणि तोंडात पदर धरून मागे फिरली. ती काहीतरी दडवत होती आणि आत लिलाबाईचा श्वास घरघरत होता. मला हाक मारावीशी वाटली. पण माझ्याकडे फक्त भोंगा.

वाशीमला निघायला फय्याजने चावी फिरवली. माझं इंजिन घुरघुरलं, तशी नानीबाई धावत आली.

"थांबा वो! म्या पाहेल हाये तिले. नळावर."

"कधी?" ताईंनी विचारलं.

"नळ आला तवा. तिनं मायी पाण्याची गुंडी नळाखालून मांगं सरकवली. म्या म्हणलं, तुयं तोंड वाकडं होवो! अन् झालं ना वो माय! आता मले पोलीस नेतीन का?"

"मावशी, शापानं नसा बंद होत नाहीत. त्या तुम्हाला काही बोलल्या का?"

"बोलली? सात पिढ्या काढल्या मायावाल्या! एक शब्द अडकला नाई. भरेल गुंडी डोक्यावर घेऊन ठसक्यात गेली."

"आणि नळ कधी आला?"

"शाळेच्या मधल्या सुट्टीची घंटा वाजून राह्यली होती."

फय्याज म्हणाला, "ताई, शाळा तर अजून सुटलीच नाही."

ताईंनी घड्याळ पाहिलं आणि सुई टोचली. मग वाशीमचा रस्ता. प्रत्येक गचक्याला माझा जीव खालीवर होई. नानीबाई लिलाबाईचे पाय धरून बसली होती. अर्ध्या वाटेत उजव्या हाताची बोटं हलली. ओठ पुटपुटले. नानीबाईने कान खाली नेला.

"काय म्हणते ते?" शेषराव रडवेले झाले.

"मले शिवी देऊन राह्यली," नानीबाई म्हणाली आणि ढसाढसा रडली.

लिलाबाई आता पाय थोडा ओढत चालते. तिची गुंडी नानीबाई भरून देते. भांडण चालूच असतं.

मी मात्र आता दुरुस्तीविना दवाखान्यामागे उभी आहे. बॅटरी उतरत चालली आहे, एक चाक बसलं आहे. मुलांनो, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर दार लावू नका, लगेच फोन करा. आणि ते माणूस शेवटचं कधी नीट बोललं ते सांगा, भांडणात बोललं असलं तरी सांगा. मोठ्यांना एवढं म्हणा, की माझ्या चाकात हवा भरा. कुठेतरी फोन वाजला की मला एकच भीती वाटते. कोणीतरी चावी फिरवेल, आणि मी सुरूच झाले नाही तर?